गळा घडवणारे गुरू : देवगिरी ते नवापूर

गायन शिकवण्यात दोन कामे येतात. राग, बंदिश, ताल आणि चाल देणे हे एक. ज्या गळ्यातून ते उमटायचे तो गळा तयार करणे हे दुसरे. महाराष्ट्रात पहिल्या कामाचा पुरावा मुबलक आहे. बंदिशींची पुस्तके आहेत, स्वरलिपी आहेत, परीक्षांचे अभ्यासक्रम आहेत. दुसरे काम मात्र समोरासमोर, तोंडीच चालत आले. तरीही त्याचा इतिहास क्रमाने मांडता येतो, कारण प्रत्येक काळातल्या गुरूंना एका प्रश्नाचे उत्तर द्यावे लागले : शिष्याने गुरूचा आवाज उचलायचा, की स्वतःचा शोधायचा?

ग्रंथातला आवाज

या विषयावरचा जुना आणि तपशीलवार विचार महाराष्ट्राच्याच भूमीवर झाला. तेराव्या शतकात देवगिरीच्या यादव राजा सिंघणाच्या आश्रयाला असलेल्या शार्ङ्गदेवाने ‘संगीतरत्नाकर’ हा संस्कृत ग्रंथ लिहिला. त्यात गायकाच्या गुणदोषांना स्वतंत्र जागा आहे. आवाजाचे खाहुल, नाराट, बोंबक आणि मिश्रक असे प्रकार सांगितले आहेत, आणि त्यांची सांगड कफ, पित्त व वात या शरीरप्रकृतींशी घातली आहे. म्हणजे प्रत्येक गळा जन्मतः वेगळा असतो, हे इथे गृहीत धरलेले आहे. अभ्यासाशिवायही राग व्यक्त करण्याची जी उपजत शक्ती काही गळ्यांत असते, तिला ग्रंथकाराने ‘शारीर’ म्हटले.

गायकाचे पंचवीस दोषही त्याने मोजून ठेवले. दात आवळून गाणारा, तोंड वासून गाणारा, नाकात गाणारा, भीत भीत गाणारा, डोळे मिटून गाणारा, कावळ्यासारख्या कर्कश स्वरात गाणारा, मान वाकडी करून गाणारा असे हे दोष आहेत. आजचा कोणताही गायनशिक्षक पहिल्या महिन्यात विद्यार्थ्याला ज्या गोष्टींसाठी टोकतो, त्यांतल्या बऱ्याचशा या यादीत सापडतात. दोष कसे घालवावेत याची कृती मात्र ग्रंथात पायरीपायरीने दिलेली नाही. ती गुरूच्या हाती सोपवलेली होती.

नवापूर परिसर : साथ करता करता शिकणे

गुरू आणि शिष्य अशी औपचारिक जोडी नसतानाही गाणे पिढ्यान्‌पिढ्या टिकते, याचे उदाहरण नवापूरच्या आसपास मिळते. नंदुरबार जिल्ह्यातला हा तालुका गुजरातच्या सीमेला लागून आहे. नवापूरचे रेल्वे स्थानक तर निम्मे महाराष्ट्रात आणि निम्मे गुजरातेत येते. तालुक्यात मावची, गावित, कोकणी अशा आदिवासी समाजांची मोठी वस्ती आहे. दक्षिणेला डांग आणि साक्रीचा डोंगराळ पट्टा आहे. लग्न, होळी, मार्गशीर्षातला डोंगऱ्या देवाचा उत्सव अशा प्रसंगांना इथे गाणे लागतेच, आणि ते मैफलीत बसून ऐकायचे नसून सगळ्यांनी मिळून म्हणायचे असते.

कोकणी समाजातले थाळगान हा या परंपरेचा सर्वांत विस्तृत प्रकार होय. काशाच्या थाळीच्या मध्यावर मेणाने एक काडी उभी बसवतात आणि त्या काडीवरून बोटे ओढून सलग घुमणारा सूर काढतात. त्या सुराच्या आधारावर कथेकरी रात्रभर देवादिकांच्या कथा गाऊन सांगतो. त्याच्याबरोबर बसलेले साथीदार ओळी झेलतात. तंबोऱ्याचे जे काम, तेच इथे थाळीचे : गाणाऱ्याचा षड्ज ढळू न देणे.

इथली शिकवण्याची रीत साधी आहे. मुलगा आधी ऐकतो, मग घोळक्यात मिसळून गातो, पुढे साथीला बसतो आणि बऱ्याच वर्षांनी, कथा पाठ झाली आणि रात्रभर आवाज टिकू लागला, की पुढे बसतो. त्याच्याकडून स्वरांचे पलटे कोणी घोकून घेतलेले नसतात. आवाज उघडा ठेवणे, मोकळ्या जागेत तो पोचवणे, दम राखणे आणि दुसऱ्याच्या सुरात सूर मिसळणे एवढे तो न सांगताच शिकतो. वारकरी भजनात मुख्य गाणाऱ्याच्या मागे टाळ घेऊन उभा राहणारा मुलगाही असाच तयार होतो. ही पद्धत गळ्याची निवड करत नाही. ज्याला जसे येते तसे त्याने गावे, जो टिकेल तो पुढे येईल, असे तिचे तत्त्व आहे.

गुरुगृहातली तालीम

ख्यालगायन महाराष्ट्रात रुजले एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात. ग्वाल्हेरला जाऊन वासुदेवबुवा जोशी यांच्याकडे शिकलेल्या बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर (१८४९–१९२६) यांच्याकडे त्याचे श्रेय प्रामुख्याने जाते. विद्या मिळवण्यासाठी त्यांना मैलोन्‌मैल पायपीट करावी लागली. पुढे मिरज आणि इचलकरंजी इथे त्यांनी शिष्य तयार केले. शिष्य गुरूच्या घरी राही, पाणी भरी, पडेल ते काम करी आणि गुरूची मर्जी असेल तेव्हा शिके.

गळ्याची तयारी इथे पहाटे सुरू होई. तंबोरा जुळवायचा, षड्ज लावायचा आणि ‘आ’कारात तो दम पुरेल तितका धरून ठेवायचा. मग मंद्र सप्तकात एकेक स्वर खाली उतरत जायचे. याला खर्जसाधना म्हणतात. खालचे स्वर भरदार झाले की वरचे आपोआप सुटतात, असा तिच्यामागचा अनुभव. त्यानंतर पलटे : तीन-तीन, चार-चार स्वरांचे गट चढत्या-उतरत्या क्रमाने, आधी संथ आणि मग दुगुनीत. बंदिश त्यानंतर. गुरू एक ओळ गाई, शिष्य ती म्हणे. चुकला तर गुरू पुन्हा गाई. काय चुकले हे शब्दांत सांगण्याची पद्धत फारशी नव्हती. कान तयार झाला की शिष्याला स्वतःच कळे, ही अपेक्षा होती.

या रीतीत एक मोठी ताकद होती आणि एक मोठा धोका. महिनोन्‌महिने एकच राग घोटल्याने स्वर पक्के होत. किराना घराण्याचे सवाई गंधर्व (१८८६–१९५२) यांनी कुंदगोळला भीमसेन जोशींना सकाळी तोडी, दुपारी मुलतानी आणि संध्याकाळी पूरिया अशा मोजक्या रागांवर वर्षानुवर्षे घासून घेतले. ज्याचा गळा तग धरी, तो असामान्य होई. धोका हा की गुरूची पट्टी, गुरूचा लगाव आणि कधी कधी गुरूचा दोषही शिष्याच्या गळ्यात उतरे. ज्याला ती पट्टी मानवत नसे त्याचा आवाज बसे, आणि त्याचे खापर त्याच्या कमी रियाझावर फुटे.

घराण्याचा आवाज

घराण्यांमधला भेद बंदिशींत आणि रागांत जेवढा आहे, तेवढाच आवाज लावण्याच्या रीतीत आहे. वामनराव देशपांडे यांनी ‘घरंदाज गायकी’ (१९६१) या ग्रंथात हा मुद्दा ठळकपणे मांडला : घराण्याच्या गायकीची घडण मूळ पुरुषाच्या आवाजाच्या जातीवर अवलंबून असते, आणि पुढच्या पिढ्या त्या आवाजधर्माला नियमाचे रूप देतात.

अल्लादिया खाँ (१८५५–१९४६) हे याचे सर्वांत बोलके उदाहरण. तरुणपणी आमलेटा संस्थानात अतिरेकी गायनामुळे त्यांचा आवाज गेला. तो परतला, पण पूर्वीचा गोडवा आणि मोकळेपणा घेऊन परतला नाही. तेव्हा त्यांनी आपल्या गळ्याला जे साधत होते त्यावरच गायकी उभी केली : लयीच्या अंगाने जाणारी, वळणदार तानांची, लांब पल्ल्याची. कोल्हापुरात शाहू महाराजांच्या आश्रयाने ते स्थिरावले आणि जयपूर-अत्रौली घराणे महाराष्ट्राचे झाले. त्यांच्या शिष्यांना ही गायकी तयार मिळाली. पण केसरबाई केरकर (१८९२–१९७७) आणि मोगूबाई कुर्डीकर (१९०४–२००१) या दोघींनी ती आपापल्या गळ्यातून इतकी वेगळी गायली की एकाच गुरूच्या तालमीतही शिष्याच्या गळ्याला वाव असतो, हे सिद्ध झाले. मोगूबाई आपली मुलगी किशोरी आमोणकर (१९३२–२०१७) हिला शिकवताना ओळ एक-दोनदाच गात. तेवढ्यात ती टिपून घ्यायची, ही शिस्त होती.

किराना घराण्याचे अब्दुल करीम खाँ (१८७२–१९३७) मिरजेत स्थायिक झाले. त्यांची दृष्टी स्वराकडे होती. तंबोरा अचूक जुळल्याशिवाय ते गायला बसत नसत. श्रुतींच्या संशोधनात कृ. ब. देवल आणि ई. क्लेमेंट्स यांना त्यांच्या गळ्याचा उपयोग झाला. आग्रा घराण्यात नोमतोमची आलापी आणि भरदार, ठोस आवाज यांवर भर. मुंबईच्या भेंडीबाजार घराण्यात लांब श्वास आणि स्वरांच्या मांडणीतले गणित यांवर. ग्वाल्हेरची रीत मोकळ्या, सरळ आवाजाची. शिष्याने घराणे निवडले की आवाजही निवडला जाई. गळा आणि घराणे जुळले तर गाणे फुले. न जुळले तर शिष्य आयुष्यभर झगडे.

रंगभूमीची पट्टी

१८८० साली ‘शाकुंतल’ रंगमंचावर आले आणि मराठी संगीत नाटकाने आवाजाची एक नवी गरज निर्माण केली. ध्वनिक्षेपक नव्हता. शेवटच्या रांगेतल्या प्रेक्षकाला शब्द कळले पाहिजेत, ऑर्गनच्या सुरांवरून आवाज वर निघाला पाहिजे आणि रात्रभर टिकला पाहिजे. स्त्रीभूमिका करणाऱ्या नटांना तर आणखी वरची पट्टी लागे. काळी चार, पांढरी एक अशी पेटीच्या पट्ट्यांवरून आवाज मोजण्याची भाषा या काळात रूढ होत गेली.

नाटक कंपन्यांनी शिकवण्यासाठी थेट ख्यालगायकांना बोलावले. भास्करबुवा बखले (१८६९–१९२२) यांनी फैज महंमद खाँ, नत्थन खाँ आणि अल्लादिया खाँ अशा तिघांकडे शिकून ग्वाल्हेर, आग्रा आणि जयपूर या तिन्ही रीती आत्मसात केल्या होत्या. बालगंधर्व आणि मास्तर कृष्णराव हे त्यांचे शिष्य. तीन घराण्यांचे आवाज माहीत असलेला गुरू शिष्याच्या गळ्याला जे शोभेल ते देऊ शकतो, हे भास्करबुवांनी दाखवले. त्यांनी पुण्यात १९११ साली सुरू केलेली संस्था भारत गायन समाज या नावाने आजही शिकवते आहे.

वर्ग, स्वरलिपी आणि परीक्षा

बाळकृष्णबुवांचे शिष्य विष्णू दिगंबर पलुस्कर (१८७२–१९३१) यांनी गुरुगृहाची चौकट मोडली. कुरुंदवाडला जन्मलेल्या पलुस्करांची दृष्टी लहानपणी फटाक्याच्या अपघातात अधू झाली आणि ते मिरजेत गाणे शिकायला आले. ५ मे १९०१ रोजी त्यांनी लाहोरला गांधर्व महाविद्यालय स्थापन केले. १९०८ मध्ये मुंबईत शाखा काढली. फी, वेळापत्रक, छापील पुस्तके, स्वरलिपी, वर्ग, परीक्षा आणि प्रमाणपत्र ही सगळी शाळेची साधने त्यांनी गायनाला लावली. घरंदाज मुलींनी गाणे शिकणे प्रतिष्ठेचे ठरले ते मुख्यतः त्यांच्या चळवळीमुळे. शिक्षक तयार करण्यासाठी त्यांनी उपदेशक वर्ग चालवला. तिथे विद्यार्थ्यांची राहण्या-जेवणाची सोय असे आणि वर्षानुवर्षे शिकल्यावर त्यांनी गावोगावी जाऊन शिकवावे, अशी अपेक्षा असे. ओंकारनाथ ठाकूर, विनायकराव पटवर्धन, नारायणराव व्यास आणि बा. र. देवधर हे या परंपरेतून बाहेर पडले.

विष्णू नारायण भातखंडे (१८६०–१९३६) यांचा मार्ग वेगळा होता. पेशाने वकील असलेल्या भातखंड्यांनी देशभर फिरून उस्तादांकडच्या बंदिशी जमवल्या, रागांची दहा थाटांत मांडणी केली आणि सहा भागांची ‘क्रमिक पुस्तक मालिका’ सिद्ध केली. ग्वाल्हेरचे माधव संगीत विद्यालय (१९१८) आणि लखनौचे मॅरिस कॉलेज (१९२६) त्यांच्या पद्धतीवर उभे राहिले. जी विद्या उस्तादाच्या मर्जीवर मिळे, ती छापील पुस्तकातही मिळू शकते, हा बदल क्रांतिकारक होता.

दोघांच्या पद्धतींनी मजकूर सार्वजनिक केला. गळ्याचा प्रश्न मात्र वर्गात अवघड झाला. पंधरा मुले एका पेटीवर, एका पट्टीत, एकाच वेळी ‘सारेगम’ म्हणतात तेव्हा एखाद्याचा आवाज वर ताणला जातो आणि एखाद्याचा खाली दबतो. वयात येणाऱ्या मुलाचा आवाज फुटतो, त्या काळात त्याला वेगळी पट्टी आणि विश्रांती लागते; वर्गाच्या वेळापत्रकात तिला जागा नसते. पेटीच्या ठरावीक स्वरांवर कान घडला की तंबोऱ्याचे सूक्ष्म स्वर निसटतात, ही तक्रारही याच काळात सुरू झाली. स्वरलिपीत स्वर लिहिता येतो, तो कसा लावायचा हे लिहिता येत नाही.

आवाजशास्त्र

ही उणीव भरून काढण्याचा पद्धतशीर प्रयत्न मिरजेत जन्मलेल्या बा. र. देवधर (१९०१–१९९०) यांनी केला. पलुस्करांचे शिष्य असूनही त्यांनी पाश्चात्त्य संगीताचा अभ्यास केला आणि १९२५ मध्ये मुंबईत स्कूल ऑफ इंडियन म्युझिक सुरू केले. युरोपात गायनशिक्षणाला शरीरशास्त्राची जोड एकोणिसाव्या शतकातच मिळाली होती. मॅन्युएल गार्सिया या गायनशिक्षकाने १८५४ मध्ये आरशांच्या साहाय्याने गाताना स्वतःच्या स्वररज्जूंची हालचाल पाहिली होती. आवाज म्हणजे श्वास, स्वररज्जू आणि पोकळ्यांतला अनुनाद यांचे काम, हे त्यातून स्पष्ट झाले.

देवधरांनी हा विचार हिंदुस्थानी गायनाला लावून पाहिला. श्वास छातीच्या वरच्या भागात न कोंडता पोटापर्यंत घ्यायचा, जबडा आणि जीभ सैल ठेवायची, घशाचे स्नायू आवळायचे नाहीत, स्वर वर नेताना जोर न वाढवता अनुनाद बदलायचा, अशा गोष्टी ते सांगत. बसलेला आवाज ओरडून मोकळा होत नाही. त्याला आधी विश्रांती आणि मग हलक्या स्वरांचा सराव लागतो, हेही. ‘संगीत कला विहार’ या मासिकाच्या संपादनातून त्यांनी संगीतशिक्षणाची चर्चा गावोगावच्या शिक्षकांपर्यंत नेली.

त्यांची शिकवण कसोटीला लागली ती त्यांच्या सर्वांत प्रसिद्ध शिष्याच्या बाबतीत. कुमार गंधर्व (१९२४–१९९२) लहान वयातच मोठमोठ्या गायकांच्या हुबेहूब नकला करत. १९३५ च्या सुमारास ते देवधरांकडे आले, आणि देवधरांनी त्यांना कोणत्याही एका घराण्याच्या साच्यात बसवले नाही. अनेक घराण्यांचे गायक शाळेत येत, त्यांचे गाणे त्यांना ऐकू दिले. पुढे क्षयरोगाने कुमारांचे एक फुप्फुस निकामी झाले आणि काही वर्षे गाणे थांबले. देवासला अंथरुणावर असताना त्यांनी माळव्याची लोकगीते कान देऊन ऐकली. १९५३ च्या सुमारास ते पुन्हा गाऊ लागले तेव्हा दीर्घ तानांच्या जागी छोटे, टोकदार, अनपेक्षित स्वरसमूह आले होते. अल्लादिया खाँप्रमाणे इथेही गळ्याच्या मर्यादेतून गायकी निघाली. फरक इतका की कुमारांनी ती शिष्यांवर नियम म्हणून लादली नाही.

देवधरांचा हा धागा अशोक दा. रानडे (१९३७–२०११) यांनी पुढे नेला. मुंबई विद्यापीठाच्या संगीत केंद्राचे पहिले संचालक असलेल्या रानड्यांनी गायकांबरोबर नट, निवेदक आणि वक्ते यांच्यासाठीही आवाज-जोपासनेच्या कार्यशाळा घेतल्या. बोलण्याचा आणि गाण्याचा आवाज एकाच यंत्रातून निघतो, तेव्हा एकाची काळजी घेतल्याशिवाय दुसरा सुधारत नाही, हे त्यांचे सूत्र होते.

ध्वनिक्षेपकानंतर

१९३० नंतर ध्वनिक्षेपक, आकाशवाणी आणि बोलपट यांनी आवाजाची मागणी बदलली. दूर पोचणे हे यंत्राचे काम झाले. गायकाला हळू, जवळून, बारकाव्यानिशी गाता येऊ लागले. नवापूर ज्यात येते त्या खानदेशाचा या बदलाशी अप्रत्यक्ष संबंध आहे. लता मंगेशकर यांचे आजोळ तापीकाठचे थाळनेर, आजच्या धुळे जिल्ह्यातले. आजीकडून त्यांनी लोकगीते ऐकली. वडील दीनानाथ यांच्याकडून नाट्यसंगीताचा आणि अमान अली खाँ यांच्याकडून भेंडीबाजार घराण्याचा संस्कार झाला. संगीतकार अनिल विश्वास यांनी त्यांना श्वास कुठे आणि कसा घ्यावा, म्हणजे मायक्रोफोनवर तो ऐकू येणार नाही आणि शब्दही तुटणार नाही, हे शिकवले. रंगभूमीच्या गुरूला जे सांगावे लागले नव्हते, ते मायक्रोफोनच्या काळातल्या गुरूला सांगावे लागले.

लहान गावातला वर्ग

पलुस्करांच्या निधनानंतर १९३१ मध्ये त्यांच्या शिष्यांनी अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळ स्थापन केले. प्रारंभिक, प्रवेशिका, मध्यमा, विशारद आणि अलंकार अशी त्याच्या परीक्षांची चढती रचना आहे. तालुक्याच्या गावातही पेटी, तबला आणि पाच-दहा विद्यार्थी जमले की वर्ग सुरू होतो, तो याच रचनेमुळे. पुण्या-मुंबईच्या बाहेर, सीमेवरच्या नवापूरसारख्या गावातल्या मुलालाही त्याच अभ्यासक्रमातून त्याच परीक्षेला बसता येते. जात, घराणे आणि गुरूची मर्जी या तिन्ही अडथळ्यांतून गायन बाहेर काढल्याचे हे फळ आहे.

परीक्षेत मात्र मुख्यतः राग, ताल आणि बंदिश तपासले जातात. गळा कसा घडला, हे फारसे तपासले जात नाही. त्यामुळे लहान गावातल्या शिक्षकावर जबाबदारी जास्त पडते. प्रत्येकाची पट्टी वेगळी ठरवणे, पेटीबरोबर तंबोराही कानावर घालणे, आवाज फुटण्याच्या वयात जोर न करू देणे आणि आठवड्यातून थोडा वेळ एकेकट्याला ऐकणे, इतके केले तरी वर्गाची मूळ उणीव बरीचशी भरून निघते. नवापूर परिसरातल्या शिक्षकाला आणखी एक अनुकूलता आहे. घरच्या लग्नगीतांतून, डोंगऱ्या देवाच्या रात्रींतून किंवा थाळगानातून आलेल्या मुलाचा गळा आधीच उघडा असतो, दम असतो, सुरात सूर मिसळण्याची सवय असते. त्याला शहरी गाण्याचा आवाज देण्यासाठी हे सगळे पुसून टाकणे ही चूक ठरेल.

देवगिरीच्या ग्रंथकारापासून देवधरांपर्यंतचा अनुभव एकाच निष्कर्षाकडे नेतो. गुरूच्या आवाजाची नक्कल शिष्याला वाटेवर आणते, पण मुक्कामाला पोचवत नाही. ज्या गुरूंनी शिष्याचा गळा ओळखून पद्धत बदलली, त्यांच्याच हातून वेगळे गायक घडले. ज्यांनी पद्धतीसाठी गळा वाकवला, त्यांच्याकडून बहुतेक प्रतीच निघाल्या.